सामाईक कड

बावीस वर्षं सातपूरला डाख दिला मी.
लाइन चार, विजेच्या मीटरचे बोर्ड,
एका बोर्डावर एकशे सहा ठिपके,
एकाही ठिपक्यावर माझं नाव नाही.
कंपनी गेली चाकणला,
हात राहिला नाशकात.
तो थांबेना, म्हणून काच.

पहिली मिळाली भद्रकालीच्या भंगारात:
पाडलेल्या दवाखान्याच्या दाराची, निळी,
तिच्यावर ‘तज्ज्ञ’ एवढाच शब्द शिल्लक.
पिवळी एका बंद लॉजच्या व्हेंटिलेटरची.
वायनरीतून मुलाने पोतंभर बाटल्या आणल्या,
पण बाटलीची काच जन्माची वाकलेली,
सपाट बसेल तर शपथ.

तांब्याची पट्टी विचारायला तांबट लेनमध्ये गेले,
तर हंड्यावर ठोकता ठोकता म्हातारा हसला:
“इतकं पातळ आम्ही ठोकत नाही बाई,
त्याला फुंकर पुरे.”
शेवटी कुरियरने आली, पाठीला डिंक लावलेली.

वीस त्रिकोण. बाजू पाच सेंटिमीटर.
काच कापायची नसते, नुसती ओरखडायची,
मग दोन्ही अंगठ्यांनी विश्वासात घ्यायची.
टक् वाजलं, तर तिनं ऐकलं.
नाही वाजलं, तर
झाडू आणा, ओलं फडकं आणा,
आणि अनवाणी कुणी फिरू नका.

सिडकोतल्या आमच्या ओळीत दोन घरांना एक भिंत.
ग्राइंडर लावला की पलीकडून बोडके भाऊसाहेब
तीनदा ठोकतात.
चेंबरच्या झाकणावरून बोलणं बंद आहे आमचं,
सात वर्षं झाली;
तेव्हा हे तीन ठोके हाच काय तो संवाद.
दुपारी दोन ते चार मी मशीन बंद ठेवते.
हेही एक उत्तरच.

त्यांची नात सुखदा मात्र येते. नववीत आहे.
येते आणि मोजते:
वीस त्रिकोण, तीन तीन बाजू,
“म्हणजे साठ सांधे ना, काकू?”
तीस, म्हटलं.
तिने पुन्हा मोजलं, बोटाला फ्लक्स लागला,
फ्रॉकला पुसला.
“हां. प्रत्येक कड दोघांची आहे,”
असं स्वतःलाच म्हणाली
आणि वहीत उतरवून घेतलं.
मी भिंतीकडे बघितलं नाही.

पाच त्रिकोण टेबलावर गोल मांडले
की एक फट राहते, सहावा मावेल एवढी.
ती मिटवायची तर टेबल सोडावं लागतं,
मधलं टोक वर उचलावं लागतं;
तेव्हा कुठे सपाट वस्तूला पोट येतं.
हे मला कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं.
तिथे सगळं सपाटच होतं,
सुपरवायझरच्या आवाजासकट.

खिडकी उघडी, पंखा उलटा, डोळ्यांत धूर.
कथिल तांब्यावरून धावतं
आणि थंड व्हायच्या आत क्षणभर
माझा चेहरा दाखवतं, अगदी अरुंद.

एकोणीस बसले.
विसावा काही विसावेना.
अर्धा मिलिमीटर जास्त;
एकोणीस जणांनी थोडं थोडं खाल्लेलं.
घासला तर बसेल.
पण घड्याळात अडीच.

मी त्रिकोण हातात धरून बसले.
सुखदाने माझ्याकडे पाहिलं,
उठली, आणि भिंतीवर
आमच्या बाजूने तीनदा ठोकलं.

बराच वेळ काही नाही.
पलीकडे कुकरची एक शिट्टी.
मग एक ठोका. एकच.
त्याचा अर्थ लावत बसले नाही,
मशीन लावलं.

आता तो खिडकीत टांगलाय, मासे पकडायच्या दोरीला.
सकाळी साडेआठला निळा तुकडा
फरशीवरून सरकत भिंतीशी जातो आणि तिथे थांबतो.
कापताना तो शब्द मधोमध तुटला:
‘तज्’ या अंगाला, ‘ज्ञ’ पार मागे.
वारा आला की कळ्या-फुलासारखं नव्हे,
वजनदार, आळसत फिरतं ते,
आधी एक अक्षर दाखवतं, मग दुसरं.
दोन्ही एकदम वाचायची तर
एकाला इकडून बघावं लागेल,
एकाला तिकडून.